पुणतांब्याची कुळे

पुणतांबा हे गोदावरीकाठचे प्राचीन क्षेत्र आहे, याविषयी कोणी शंका घेत नाही. योगी चांगदेवांची समाधी, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट, नदीकाठची देवालये आणि पुण्यस्तंभ हे गावाला मिळालेले संस्कृत नाव, एवढी सामग्री दृष्टीस पडली की येथील घराणीही या घाटाच्या आधीपासूनच येथे नांदत असली पाहिजेत, अशी समजूत मनात सहज घर करते. परंतु ज्याने दख्खनच्या कोणत्याही एका गावाचे जुने दफ्तर थोडेबहुत चाळले आहे त्याला ही समजूत फार काळ बाळगता येत नाही. गाव जुने असते. गावातली कुळे मात्र पुन्हा पुन्हा नव्याने येऊन वसलेली असतात. दुष्काळाने, फौजांच्या येण्याजाण्याने किंवा रोगराईने गाव बेचिराग व्हावे, पांढरीवर, म्हणजे गावठाणावर, बाभळी माजाव्यात, आणि दहावीस वर्षांनी एखाद्या पाटलाने सरकारातून कौल आणून, चार कुळे जमवून, तीच पांढरी पुन्हा आबाद करावी, हा क्रम या प्रदेशात शतकानुशतके चालत आला आहे. म्हणून आपल्या मूळ पुरुषाच्या शोधास निघालेल्या मनुष्याने ‘आमचे घराणे किती जुने’ हे विचारण्याआधी ‘आमचे घराणे कोणत्या उजाडीनंतर येथे आले’ हे विचारावे, असे माझे मत आहे.

मूळ पुरुषाच्या या शोधाला अमेरिकेत फार मोठी प्रतिष्ठा आहे. बोस्टन येथे केवळ वंशेतिहासाच्या संशोधनासाठी १८४५ मध्येच एक संस्था स्थापन झाली, आणि डॅनियल बूनने १७७५ मध्ये केंटकीच्या अरण्यात काढलेल्या वाटेने ज्यांचे पूर्वज पश्चिमेकडे गेले त्यांचे वंशज आजही त्या पूर्वजांची नावे १७९० च्या पहिल्या जनगणनेत, परगण्याच्या कचेरीतील खरेदीखतांत आणि घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानांवर शोधीत असतात. पुढे १८६२ च्या कायद्याने जो कोणी १६० एकर सरकारी जमिनीवर घर बांधून, पाच वर्षे तेथे राहून, ती कसून दाखवील त्याला ती जमीन मिळू लागली. त्यासाठी शेजाऱ्यांच्या साक्षी लागत, आणि त्या साक्षींचे कागद आज त्या देशातील वंशशोधकांच्या हाती असलेले बहुमोल साधन ठरले आहे. (ती भूमी आधी कोणाची होती आणि तेथील मूळ रहिवाशांचे काय झाले, हा प्रश्न त्या कागदांत नाही, तो अन्यत्र विचारावा लागतो.) १८९० च्या जनगणनेनंतर वसाहतीची सीमारेषाच उरली नाही असे जाहीर झाले आणि १८९३ मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने त्या सीमारेषेवर आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. आमच्याकडील वसाहतीचा इतिहास याहून निराळ्या घडणीचा आहे. त्यांची सीमा पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा सरकत गेली आणि संपली. आमची सीमा त्याच त्या जमिनीवरून अनेकदा मागे हटली आणि अनेकदा परत आली. त्यामुळे आमच्या कुळशोधात पूर्वजाचा मार्ग नकाशावर आखून भागत नाही, त्याचा काळ आधी ठरवावा लागतो.

उजाडी आणि आबादीच्या या क्रमातील सर्वांत जुनी आठवण दुर्गादेवीच्या दुष्काळाची. इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा दुष्काळ बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे की, पुढे बहामनी सुलतानाने दादो नरसू काळे नामक अनुभवी ब्राह्मणास आणि दरबारातील एका तुर्की खोजास मुलूख पुन्हा लावण्यासाठी पाठविले, तेव्हा गावांच्या जुन्या शिवाही कोणाला सांगता येईनात. नवीन वसणाऱ्याकडून पहिल्या वर्षी काहीच न घेता दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे केवळ तोबराभर धान्य घ्यावे, असा त्यांनी नियम केला. मला हा तोबराभर धान्याचा नियम महाराष्ट्राच्या इतिहासातील अनेक लढायांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण आज ज्यांना आपण मूळचे गावकरी म्हणतो त्यांतील कित्येकांचे पूर्वज अशाच एखाद्या सवलतीच्या भरवशावर, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, परक्या शिवारात उतरलेले असणार.

पुढे निजामशाहीत मलिक अंबराने जमिनीची प्रतवारी करून वसूल ठरविला, तो १६२६ मध्ये निवर्तला, आणि लगेच १६३० च्या दुष्काळाने त्याच्या व्यवस्थेखालील गावे पुन्हा ओस पडली. मराठ्यांच्या अमलात पडजमिनीवर कुळे आणण्याची रीत पक्की झाली. सरकारातून कौलनामा मिळे. पहिल्या वर्षी नाममात्र धारा, मग दरसाल थोडा थोडा चढता, आणि ठरलेल्या मुदतीअखेर पूर्ण दर, याला इस्तावा म्हणत. लावणीसंचणी करणे हे पाटलाचे आणि कमाविसदाराचे मुख्य कर्तव्य मानले जाई. अशा कौलावर आलेले कूळ प्रथम उपरी असे. जमीन कसायची, धारा द्यायचा, पण गावच्या मानपानात आणि न्यायनिवाड्यात त्याला जागा नसे. त्याच्या नशिबी स्थैर्य आले तर एखादे गतकूळ, म्हणजे वारस न राहिलेले थळ, पाटील, कुलकर्णी आणि समस्त गोताच्या साक्षीने त्याला विकत मिळे, मिरासपत्र होई, आणि त्या दिवसापासून तो थळकरी, मिरासदार, गावचा ठरे. पुणतांब्यासारख्या क्षेत्राच्या गावी पेठेतील उदमी, देवस्थानचे पुजारी आणि घाटावरचे उपाध्ये यांची भर पडून ही वस्ती आणखी मिश्र झाली असली पाहिजे.

मिराशीचा एक धर्म असा होता की मिरासदार दुष्काळात परागंदा झाला तरी त्याचा हक्क बुडत नसे. इंग्रज अंमलदार एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या मिराशी हक्काचे सविस्तर वर्णन केले आहे, आणि त्या काळचे निवाडे पाहिले तर पुष्कळ वर्षांनी परतलेल्या मनुष्याला किंवा त्याच्या नातवालाही जमीन परत मिळाल्याची उदाहरणे आढळतात. वंशावळीची गरज येथे उत्पन्न झाली. परत येणाऱ्याला आपण अमक्याचे नातू आहोत हे सिद्ध करावे लागे, त्याच्या जागी वसलेल्याला आपले मिरासपत्र पुढे करावे लागे, दोन्हीकडून करीने, म्हणजे हक्काच्या हकिकती, लिहून दिले जात, गोतसभा बसे, पाटलाच्या नांगराची, कुलकर्ण्याच्या लेखणीची निशाणी होऊन महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, तयार होई. आपल्याकडील सामान्य कुटुंबांचा जो काही लिखित पूर्वेतिहास शिल्लक आहे तो बहुतांशी भांडणामुळे शिल्लक आहे. ज्या घरात दोन भाऊ वडीलपणासाठी भांडले त्या घराच्या सात पिढ्या आपल्याला ठाऊक आहेत. जी घरे गुण्यागोविंदाने नांदली त्यांच्या आजोबांचेही नाव सापडत नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जी दफ्तरे गोळा केली, १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जी जतन केली, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे जे हजारो रुमाल बांधून पडले आहेत, त्यांतील फार मोठा भाग अशा वतनी तंट्यांचा आहे.

पुणतांब्याच्या परिसरास आणखी एका अर्थाने सरहद्द म्हणता येते. गोदावरी पुढे जाते तशी ती एका राज्याची कड होत जाई. पलीकडे वैजापूर-गंगापूरचा मुलूख निजामाचा होता आणि १९४८ पर्यंत त्याचाच राहिला. अहमदनगरचा किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आला, त्याआधी या मुलखात मोगलाईचा वसूल एक, मराठ्यांची चौथ-सरदेशमुखी दुसरी, अशी दुअमली होती. अशा ठिकाणी कुळांना पळून जाणे सोपे असते. एका अमलात जुलूम झाला की नदी ओलांडावी आणि दुसऱ्या अमलात कौल घ्यावा. म्हणून या पट्ट्यातील घराण्यांच्या सोयरिकी आजही नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या आहेत, आणि एकाच कुळाचे जुने कागद ऐलतीरी मोडी मराठीत, तर पैलतीरी फारसी-उर्दूत असण्याचा संभव असतो. होळकरांच्या फौजांनी केलेली लुटालूट आणि तिच्या पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांनी हा प्रदेश पुन्हा एकदा उजाड केला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती आला तो असा अर्धा ओसाड मुलूख.

इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि प्रत्येक वतनदाराला आपल्या हक्काचा पुरावा म्हणून कैफियत व वंशावळ दाखल करावी लागली. १८७४ च्या वतन कायद्यानंतर वतनाची रजिस्टरे झाली. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांची कुळे अशा रीतीने कागदावर स्थिर झाली. गावकीची महार वतनेही त्या नोंदींत आली, आणि शिवेच्या वादात महाराची साक्ष ही जुन्या काळापासून प्रमाण मानली जात असल्यामुळे काही महजरांत त्यांची नावे अगोदरही आढळतात. मात्र ज्यांच्या नावे जमीन नव्हती, वतन नव्हते, अशा मांग, भिल्ल, वडार आणि भटक्या जमातींच्या कुटुंबांना या सगळ्या कागदांत ठिकाण नाही. त्यांतील काहींची नावे प्रथम लिहिली गेली ती एका अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरास ठाणे केले आणि पुढे राहुरी, नेवासे या भागांत चर्चे स्थापिली. तेथील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत बाप, आई, गाव यांची टिपणे राहिली. न्यू इंग्लंडमधील ज्या समाजाला स्वतःच्या पूर्वजांच्या नोंदी ठेवण्याची सवय होती त्याच समाजातून आलेल्या मिशनऱ्यांनी नगर जिल्ह्यातील उपेक्षित कुटुंबांची नावे जपली, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे.

या दफ्तरांबाहेरची दोन साधने आहेत. एक तीर्थोपाध्यायांचे चोपडे: वरच्या अंगास त्र्यंबकेश्वर व नाशिक, खालच्या अंगास पैठण, येथील उपाध्यायांकडे यात्रेकरूंनी आपल्या हाताने किंवा उपाध्यायाच्या हाताने लिहिलेल्या नामावळ्या असतात, आणि सिंहस्थाच्या पर्वणीस आलेल्या पिढीच्या खाली पुढची पिढी आपले नाव जोडते. युटा राज्यातील १८९४ मध्ये स्थापन झालेल्या वंशशोधक संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्या सूक्ष्मपटांवर उतरवून घेतल्या. आमच्या गोदावरीकाठच्या चोपड्यांसाठी असे काम आम्हीच निष्ठेने केले पाहिजे, आणि लवकर केले पाहिजे, कारण उपाध्यायांच्या घरांतील मुले आता दुसऱ्या व्यवसायांत जात आहेत. दुसरे साधन भाटांचे. भाट येतो, पोथी उघडतो, आणि कुळाची परंपरा उदेपूर किंवा अयोध्येपर्यंत नेऊन पोहोचवतो. त्याच्या अलीकडच्या पाचसहा पिढ्या बहुधा विश्वसनीय असतात. त्यापलीकडचे सूर्यवंश आणि चंद्रवंश हे यजमानाच्या समाधानासाठी असतात असे मी समजतो. कौलावर आलेल्या कष्टाळू कुणब्याला राजपुत्र ठरविल्याने त्याचा मोठेपणा वाढत नाही. ओसाड रान वहितीस आणणे हाच त्याचा पराक्रम होता.

आता या गावच्या शेवटच्या, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय, वसाहतीकडे वळतो. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि पुणतांब्यास स्थानक मिळाले. त्याच्या लगत आधी १८७६-७७ चा दुष्काळ होऊन गेला होता, आणि शतकाच्या अखेरीस विक्रम संवतातल्या छप्पनचा दुष्काळ आला. या दुष्काळांच्या धड्यातून गोदावरीचे कालवे उभे राहिले. दारणेचे धरण १९१६ मध्ये पुरे झाले, नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही काठांनी पाट निघाले, आणि जेथे बाजरी व रब्बी ज्वारीवाचून दुसरे पीक नव्हते तेथे बारमाही पाणी वाहू लागले. पाणी आले, पण उसाला लागणारे भांडवल, पेंडखताचा खर्च आणि गुऱ्हाळाचा अनुभव स्थानिक शेतकऱ्यांपाशी फारसा नव्हता. ते घेऊन आले सासवडचे माळी. कऱ्हाकाठी विहिरींवर मोटा चालवून बागायत करणाऱ्या या समाजाने १८८५ नंतर नीरेच्या कालव्यावर ऊस केला होता, आणि आता तो गोदावरी व प्रवरेच्या पाटावर जमीन खंडाने घेऊन उतरला. बैलगाड्यांत संसार, गुळाच्या काहिली आणि लोखंडी चरक घालून आलेल्या या कुटुंबांनी कोपरगाव, राहाते, पुणतांबे, बेलापूर या पट्ट्यात वस्त्या केल्या. शेतात राहायचे, गावात नाही, ही त्यांची पद्धत. आजही या भागात मळ्यामळ्यांवर विखुरलेली घरे दिसतात ती त्या वसाहतीची खूण आहे. याच समाजाने पुढे १९३२ मध्ये अकलूजजवळ माळीनगर येथे स्वतःचा साखर कारखाना काढला. हे आमचे खरे सीमावासी. त्यांच्या येण्याला शंभर वर्षेच झाली आहेत, आणि तरीही त्यांच्या नातवंडा-पतवंडांना पहिला पुरुष कोणत्या साली, कोणाच्या ओळखीने, कोणाची जमीन खंडाने घेऊन येथे आला हे सांगता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कालव्याने आणखी एक प्रकरण निर्माण केले, आणि त्यात जुन्या मिराशीचा प्रश्न नव्या वेषात परत आला. हरेगावची बेलापूर कंपनी आणि तिच्यामागून आलेल्या इतर खासगी साखर कंपन्या यांच्यासाठी शेतकऱ्यांच्या सलग जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने गेल्या. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, आणि पुणतांब्याच्या शिवारालगत चांगदेवनगर, असे मळे उभे राहिले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात गेल्या. मूळ मालक खंडकरी या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले, मोर्चे काढले, न्यायालये गाठली, आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कुठे जमिनी परत देण्यास सुरुवात झाली. तोपर्यंत ज्याने खंडाच्या कागदावर अंगठा उठविला होता तो केव्हाच निवर्तला होता. त्याचे पणतू अर्जदार होते. पणजोबाचे नाव, त्याच्या भावांची नावे, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, कोणाची मुलगी कोठे दिली, हे सारे सिद्ध करावे लागले. अठराव्या शतकात परागंदा मिरासदाराच्या नातवाने गोतसभेपुढे जे केले तेच या खंडकऱ्यांच्या वारसांनी तहसील कचेरीत केले. वंशावळ ही श्रीमंतांची हौस नसून गरिबांचे हत्यार आहे, हे या प्रकरणाने जितके स्पष्ट झाले तितके दुसऱ्या कशाने झाले नसेल. ज्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी १ जून २०१७ रोजी संपाची हाक देऊन साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले त्या गावाला आपल्या जमिनीच्या इतिहासाची ही बाजू माहीत असणे योग्यच आहे.

अशा शोधाला हात घालणाऱ्याने मागून पुढे न येता पुढून मागे जावे. आजच्या सातबाऱ्यावरील फेरफाराचा क्रमांक घ्यावा, त्यावरून गाव नमुना सहा मधील मूळ नोंद काढावी, तेथून १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतरच्या पहिल्या नोंदीपर्यंत जावे. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदा मध्ये, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्यात असते; २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना ही बुके पुष्कळ वर्षांनी प्रथमच बाहेर निघाली, आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध गावोगाव सुरू झाला. कालव्यावरच्या कुटुंबांनी पाटबंधारे खात्याच्या पाणीअर्जांकडे, पाणीपट्टीच्या पावत्यांकडे आणि खंडचिठ्ठ्यांकडे दुर्लक्ष करू नये. कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज आजही भरावा लागतो, आणि घरच्या पेटीत पडलेली जुनी पावती पूर्वजाचे नाव, गट व पीक एका ओळीत सांगते. आडनावावरून मात्र फार निष्कर्ष काढू नयेत. पुणतांबेकर हे नाव गाव सोडून गेलेल्यांना मिळते, राहणाऱ्यांना नाही. मराठ्यांच्या राजनीतीवरील ‘आज्ञापत्रा’चे इंग्रजी भाषांतर करणारे इतिहासाचे प्राध्यापक श्रीकृष्ण व्यंकटेश पुणतांबेकर यांच्या नावातून त्यांचे एखादे पूर्वज कधी तरी येथून निघाले एवढेच कळते.

या सगळ्या साधनांत एक मोठी उणीव आहे, आणि ती मी कधीच क्षम्य मानलेली नाही. वतनाच्या वंशावळीत बायका नाहीत. निपुत्रिक विधवेचा दत्तक प्रकरणात उल्लेख येतो तेवढाच. त्यामुळे पुणतांब्यातील एखाद्या घरात नेवाशाहून, सिन्नरहून किंवा नदीपलीकडच्या गंगापुराहून आलेल्या सासवा-सुनांच्या चार पिढ्या, ज्यांनी त्या घराची भाषा, देवदेवस्की आणि पिकांचे ज्ञान घडविले, कुळकथेतून पुसल्या गेल्या आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारसनोंदीत मुलींची नावे येऊ लागली, १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना सहदायाद केले, आणि म्हणून गेल्या पन्नास-साठ वर्षांतील फेरफार वाचताना प्रथमच लेकींची सासरची गावे दिसू लागतात. त्यापूर्वीच्या स्त्रियांसाठी म्हाताऱ्या माणसांस विचारण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते विचारताना ‘आजीचे नाव काय’ एवढ्यावर न थांबता ‘तिचे माहेर कोणते, आणि तिच्या आईचे माहेर कोणते’ हेही टिपून घ्यावे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम सक्तीचा झाला आहे. तेव्हा त्या पिढीच्या नातवंडांना पणजीचे नाव शोधण्यासाठी कोणा उपाध्यायाचा चोपडा उलगडावा लागणार नाही.